भूलकाकांची पाठमोरी खुर्ची

कार्यक्रम चालू असताना भूलकाका कधीही गाणाऱ्याकडे किंवा वाचणाऱ्याकडे बघत नसत. त्यांची खुर्चीच मुळी त्याच्याकडे पाठ करून मांडलेली असे. म्हणजे तुम्ही आपले घसा खाकरून, कागद सरळ करून, जीव मुठीत धरून उभे. समोर सोफ्यावर, खुर्च्यांवर, गालिच्यावर श्रोते. आणि खुद्द यजमान तुमच्या पुढ्यात तुम्हाला टक्कल दाखवत, श्रोत्यांच्या तोंडांकडे टक लावून बसलेले. नवख्याला वाटे, हे रुसलेत. मला पहिल्यांदा वाटलं, काकांची मान धरली असावी. मी आपुलकीने म्हणालो, "काका, खुर्ची फिरवून देऊ का?"

"नको रे. त्याच्याकडे बघायला तुम्ही सगळे आहात की. तुमच्याकडे कोण बघणार?"

काका भूलतज्ज्ञ होते. पश्चिम लंडनच्या एका हॉस्पिटलात त्यांनी सारा जन्म लोकांना झोपवण्यात, आणि त्यांच्याच शब्दांत "त्याहून अवघड म्हणजे परत उठवण्यात" घालवला. त्यांचं म्हणणं असं की ऑपरेशन थिएटरात सगळे सर्जनकडे बघतात. एकट्या भूलवाल्याने पेशंटकडे बघायचं असतं. निवृत्त झाल्यावर थिएटर सुटलं, पण नजर सुटली नाही. ईलिंगमधल्या आमच्या मराठी मंडळींत कुणा पोराने त्यांना भूलकाका म्हटलं आणि तेच नाव पडलं. काकू तेवढ्या त्यांना "अहो" म्हणत, तेही बहुधा स्वयंपाकघरातून आणि मोठ्याने.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी काकांकडे बैठक असे. प्रत्येकाने दोन गोष्टी आणायच्या, एक डब्यात आणि एक डोक्यात, आणि दोन्ही घरच्या. विकतची बाकरवडी चालत नसे, तशी दुसऱ्याची कविताही चालत नसे. आमच्यात कुणी बँकेत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी दवाखान्यात. आठवडाभर पिळून निघालेली माणसं. तरी श्रीरंग नावाचा एक अकाउंटंट स्वतःच्या चालीची गाणी म्हणे, आणि दातांच्या डॉक्टर असलेल्या देशपांडे वहिनी दातांचे साचे घ्यायच्या प्लास्टरचे चिमुकले गणपती करून आणत. ते सुबक असत. फक्त जरा जास्तच पांढरेशुभ्र हसत.

सुरुवात काका स्वतः करत. ते चित्रं काढत. चित्रं वाईट असत, हे मी त्यांच्याविषयीच्या पूर्ण आदराने सांगतो. ड्यूटीवर विश्रांतीसाठी मिळणाऱ्या खोलीच्या खिडकीतून हॉस्पिटलचा कार पार्क दिसायचा, म्हणून काकांनी आयुष्यभर तोच रंगवला. उन्हातला कार पार्क, बर्फातला कार पार्क, पावसातला कार पार्क. त्यातल्या गाड्या उकडलेल्या बटाट्यासारख्या दिसत. दर बैठकीला एक चित्र हातात धरून काका सांगत, "आज यापेक्षा वाईट काही होणार नाही, याची मी जबाबदारी घेतली आहे. आता सगळ्यांनी मोकळेपणाने या." मग खुर्ची फिरवून बसत.

कार्यक्रम संपून पानं मांडली जाईपर्यंत ते एकेकाला जिन्यापाशी, कोट टांगलेल्या खुंट्यांजवळ गाठून रिपोर्ट देत. त्यात मत नसे. "मला साहित्यातलं काही कळत नाही आणि गाण्यातलं त्याहून नाही," ही प्रस्तावना, आणि पुढे नुसता वृत्तान्त. "दुसऱ्या कडव्याला दोघांनी घड्याळ बघितलं. नदी आली तिथे पाय हलायचे थांबले. आई फोन ठेवते म्हणालास तिथे चौघांचा श्वास अडला. बाकी पल्स नॉर्मल." त्यांचं सर्वांत भरवशाचं यंत्र म्हणजे देशपांडे वहिनींची पर्स. वहिनी कंटाळल्या की पर्स उघडून काहीतरी शोधू लागत, आणि ते त्यांना कधीच सापडत नसे. "पर्स उघडली" याहून कडक समीक्षा ईलिंगमध्ये कुणी ऐकलेली नाही. श्रीरंगच्या एका गाण्याला ती धृपदालाच उघडली होती. त्याने ते गाणं पुन्हा म्हटलं नाही. पण पुढच्या महिन्यात नवीन आणलं, हेही खरं.

आता माझ्याकडे येतो, कारण कुठल्याही गोष्टीत मी स्वतःकडे येतोच. मी कथा लिहीत असे. म्हणजे एक कथा लिहीत असे. तिचं पहिलं पान इतक्या वेळा सुधारलं होतं की दुसऱ्या पानाला त्याची ओळख पटेनाशी झाली होती. ही कथा मी जगाला केव्हा दाखवणार, याचंही माझं पक्कं नियोजन होतं. आधी ठरलं होतं, व्हिसा पक्का झाला की. तो झाल्यावर ठरलं, एजवेअरचं घर लागलं की. घर लागल्यावर ठरलं, प्रमोशन मिळालं की. प्रमोशन मिळाल्यावर इतकं काम आलं की काय ठरलं होतं तेच आठवेना.

काकांच्या नियमात माझ्यासारख्यांची सोय होती. डोक्यातलं जो आणणार नाही, त्याने कार्यक्रम चालू असताना आत चहाफराळाची आणि स्वयंपाकाची सगळी भांडी घासायची. ही शिक्षा होती. मी ती अशा आनंदाने पत्करली की काकांची पंचाईत झाली. वर्षानुवर्षं मी पिवळे रबरी हातमोजे चढवून काकूंच्या सिंकपाशी उभा राहिलो. आधी पेले, मग चमचे, कढीचं पातेलं भिजत घालून शेवटी, असं माझं शास्त्रच तयार झालं. बायको परतताना गाडीत म्हणे, "तुझा हात भांड्यांना लागतो तो फक्त ईलिंगमध्ये. एजवेअरला आल्यावर त्याला काय होतं?"

त्या घरात जुन्या इंग्रजी घरांत असते तशी स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या भिंतीत, जेवण पलीकडे सरकवायला केलेली छोटी खिडकी होती. तिची लाकडी दारं मी दोन बोटं किलकिली ठेवायचो आणि पलीकडचा सगळा कार्यक्रम ऐकायचो. यमक चुकलं की मान हलवायची, चाल ओळखीची वाटली की काकूंकडे बघून भुवई उडवायची. काहीही न दाखवता सगळ्यांना तपासायची ती जागा इतकी सुखाची होती की, खरं सांगतो, मला साबणाच्या वासानेच आपण मोठे लेखक असल्यासारखं वाटू लागलं होतं.

एकदा काका पाणी प्यायला आत आले आणि पेला हातात धरून उभे राहिले.

"मंदार, तुमच्या ऑफिसात तुम्ही काम पूर्ण झाल्याशिवाय कुणाला दाखवत नाही, असं असतं का?"

"छे! दर दोन आठवड्यांनी डेमो असतो. जेवढं झालंय तेवढं दाखवायचं."

"अर्धवट?"

"बहुतेक वेळा अर्धवटच."

"मध्येच बंद पडलं तर?"

"पडतंच. मग लोक सांगतात, इथे बिघडलंय, तिथे बिघडलंय. आम्ही सुधारतो."

"मग इथे काय मरण येतं?"

"तिथे पगार मिळतो, काका."

"इथे जेवण मिळतं," काका म्हणाले, आणि पेला मला घासायला देऊन गेले.

पुढच्या महिन्यात मी डबा घेऊन पोचलो, सवयीने बाह्या सरसावत आत शिरलो, आणि दारातच थबकलो. सिंकशेजारच्या कपाटाची जागा रिकामी करून तिथे चकचकीत डिशवॉशर बसवलेलं होतं. काका शेजारी असे उभे होते, जणू घरी नातू आला आहे. काकूंनी बटण दाबून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला सांगायला हवं की माझी कंपनी विम्याचे दावे तपासणारं सॉफ्टवेअर करते. पूर्वी जे काम टेबलांच्या रांगाच्या रांगा करत, ते आम्ही एका सर्व्हरला शिकवलं आणि त्या लोकांना "आता तुम्ही अधिक सर्जनशील कामाकडे वळू शकाल" असं सांगणारे मेल पाठवले. त्यातला एक मेल मी स्वतः लिहिला होता. माझ्या लेखनातलं तेवढंच आजवर लोकांपर्यंत पोचलेलं.

मी शेवटचा प्रयत्न केला. "काका, कढीचं पातेलं यात नीट निघणार नाही."

"नाही निघालं तर नाही निघालं. अर्धवट निघालेलं पातेलं माझ्याकडे लागलं. अर्धवट झालेली कथा तू घेऊन ये."

मग मी तयारी केली. जशी येते तशी केली, म्हणजे स्लाइड्स केल्या. हसू नका, वर्षानुवर्षं चार माणसांसमोर स्लाइडशिवाय तोंड न उघडलेल्या माणसाला हात कुठे ठेवायचे तेही कळत नाही. पहिल्या स्लाइडवर कथेचं नाव आणि माझा फोटो. दुसरीवर "आज आपण काय ऐकणार आहोत". तिसरीवर पात्रांची ओळख, चौकोन आणि बाणांसह. शेवटची "प्रश्न असल्यास विचारा". बायकोने आदल्या दिवशी पाहून विचारलं, "यात कथा कुठल्या स्लाइडवर आहे?" मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

काकांनी कार पार्कचं चित्र दाखवलं, खुर्ची फिरवली, आणि मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. कथा एका तालुक्याच्या गावातल्या, पोस्टातल्या हेडक्लार्कची होती. तरुणपणी हा माणूस गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि झकास वाजवायचा. पोस्टात लागल्यावर साहेब म्हणाले, सरकारी माणूस वरातीपुढे वाजवत फिरलेला बरा दिसत नाही. त्याने क्लॅरिनेट पेटीत घालून माळ्यावर ठेवलं आणि बायकोला सांगितलं, "रिटायर झालो की वाजवीन." इतकं मी चौकोन-बाणांच्या मदतीने सांगतो आहे, तोच टीव्हीचा पडदा निळा झाला. लॅपटॉपने अपडेट सुरू केलं होतं. कृपया बंद करू नका, अशी त्याची विनंती होती. खाली टक्के दिसत होते. ते टक्के वाढू लागले आणि मी काय बोलतोय याकडे कुणाचं लक्ष उरलं नाही. सगळे, अगदी दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकूसुद्धा, टक्के बघत होते. मी "एक मिनिट हं" असं म्हणालो आणि आयुष्यात जे नीट येत होतं तिकडे, म्हणजे सिंककडे पळालो.

पण डिशवॉशर भरून गुरगुरत होतं. घासायला फक्त कढीचं पातेलं उरलेलं होतं. मी हातमोजे न घालताच त्याला भिडलो. पाठीमागे भिंतीतल्या खिडकीची दारं खाडकन उघडली आणि काकांचं तोंड आलं.

"मंदार, त्या हेडक्लार्कचं पुढे काय झालं?"

"काका, लॅपटॉप चालू होऊ दे, मग..."

"लॅपटॉपला माहीत असेल तर मी त्यालाच विचारतो. तुला माहीत आहे का?"

"आहे."

"मग बोल. पातेलं घासत बोल हवं तर."

काका खिडकीतून बाजूला झाले. मान वळवली की त्या चौकोनातून मला अर्धा सोफा आणि देशपांडे वहिनी दिसत होत्या. मी पातेलं घासत सांगू लागलो. हेडक्लार्क दर दिवाळीला पेटी माळ्यावरून काढतो, क्लॅरिनेटला तेल लावतो, परत ठेवतो. मुलाने विचारलं, बाबा, आत्ताच का नाही वाजवत, की म्हणतो, आत्ता मार्चअखेर आहे. त्याचा मार्च वर्षभर चालतो. पलीकडे हसू फुटलं. हसू ऐकून मला चेव आला. हेडक्लार्कचा साहेब, त्याच्या बायकोचे टोमणे, सगळ्यांचे आवाज काढून सांगितले. शेवटी तो रिटायर होतो. आणि क्लॅरिनेट म्हणजे वरच्या दातांवर टेकवून वाजवायचं वाद्य. रिटायर होईपर्यंत याचे समोरचे दात पडलेले!

इथे हसता हसता सगळे एकदम थांबले. माझ्या लक्षात आलं की आता शेवट आला. लिहिलेला शेवट मला पाठ होता. तो मी कुणालाच, बायकोलाही, वाचून दाखवला नव्हता. पातेलं नळाखाली धरलं आणि मी वेगळंच सांगून टाकलं: हेडक्लार्क नवी कवळी बसवतो, दुसऱ्याच दिवशी शेजारच्या लग्नात वरातीपुढे उभा राहतो, आणि असं वाजवतो की नवरदेवाचा घोडा नाचतो. टाळ्याच टाळ्या. श्रीरंगने शिट्टी वाजवली. मी ओल्या हातांनी खिडकीतून वाकून नमस्कार केला.

देशपांडे वहिनींनी जेवताना वाटी माझ्यापुढे सरकवत सांगितलं, "गोष्ट एकदम मस्त. पण भावजी, नवीन कवळीवर दुसऱ्या दिवशी माणसाला धड भात खाता येत नाही. क्लॅरिनेट? शक्यच नाही."

कोटांच्या खुंट्यांपाशी काकांनी मला गाठलं. "मला साहित्यातलं काही कळत नाही. स्लाइड दोनला पर्स उघडली. अपडेट सुरू झालं तेव्हा सगळ्यांचं लक्ष परत आलं. तू खिडकीतून बोलायला लागल्यावर कुणी जागचं हललं नाही."

मी फुललो. "म्हणजे जमली?"

"दात पडल्याचं सांगितलंस तिथे सगळ्यांचे श्वास अडले. आणि तू लगेच सोडून दिलेस. आमच्याकडे पोट फाडून झाल्यावर पेशंट इतका हसत उठला, तर मी परत बघतो की ऑपरेशन झालंय ना." त्यांनी माझा कोट खुंटीवरून काढून हातात दिला. "खरा शेवट आण."

"पुढच्या महिन्यात नक्की."

पुढच्या महिन्यात आमचं नवं सॉफ्टवेअर लाइव्ह जायचं होतं. त्याच्या पुढच्या महिन्यात ते लाइव्ह गेलेलं परत मागे घ्यायचं होतं. मी बैठकीला जात होतो, श्रीखंड नेत होतो, कवळीच्या गोष्टीवर मिळालेली वाहवा जपून खर्च करत होतो. काका दर वेळी कोट देताना फक्त माझ्याकडे बघत आणि मी म्हणत असे, "मार्चअखेर, काका." आम्ही दोघं हसायचो. हा विनोद माझाच होता, म्हणून मला तो आवडायचा.

थंडी सुरू झाली आणि काकूंचा मेसेज आला की यापुढे बैठक नाही. काकांच्या पोटात काही निघालं होतं. मी फोन केला तर काका स्वतः बोलले. "रिपोर्ट मी वाचलाय. त्यात सस्पेन्स काही नाही. तुझ्या गोष्टीत आहे, ती घेऊन ये."

मी ऑफिसला दांडी मारून भर दुपारी गेलो. जिना चढवत नसल्यामुळे काकांचा पलंग बैठकीच्या खोलीतच आणला होता. पण काका पलंगावर नव्हते; अंगावर शाल घेऊन आपल्या खुर्चीत बसले होते, आणि खुर्ची नेहमीसारखीच पाठमोरी, रिकाम्या सोफ्याकडे तोंड करून. मी नेहमीच्या जागी उभा राहिलो. यावेळी साधे कागद होते. वाचायला सुरुवात केली, एक परिच्छेद झाला, आणि काकांनी हात वर केला.

"थांब. इथे बघायला कुणीच नाही की रे." त्यांनी खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला. "जरा फिरव बघू ही."

मी खुर्ची फिरवली. काकांच्या इतक्या बैठका पाहिल्या, पण त्यांची ती नजर मी समोरून कधी पाहिली नव्हती. ती तुमच्या डोळ्यांकडे बघत नाही. गळ्याच्या खालच्या खळगीकडे बघते आणि तिथून हलत नाही. मी कागदात तोंड खुपसून वाचत राहिलो. हेडक्लार्क रिटायर होतो त्या दिवशी हार काढून ठेवतो, माळ्यावरून पेटी काढतो, दार लावून घेतो. बाहेर बायको आणि मुलगा कान देऊन उभे. आतून नुसती हवा गेल्याचा आवाज येतो. परत एकदा येतो. मग बराच वेळ काहीच नाही. तो बाहेर येतो आणि म्हणतो, "रीड खराब झालंय." रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पट्टी, ती कुठेही मिळते. "आणू का?" मुलगा विचारतो. "घाई काय आहे," तो म्हणतो, आणि पेटी परत माळ्यावर ठेवतो. मुलगा खालून स्टूल धरतो. संपलं.

काकूंनी चहा आणून ठेवला होता, तो तसाच होता. मी विचारलं, "रिपोर्ट?"

"पेशंट एकच होता."

"कोण?"

"तूच. वाचायला लागलास तेव्हा ठीक होतास. स्टूल धरलंस तिथे श्वास अडला, तो अजून धड सुटलेला नाही." काकांनी शाल सारखी केली. "वडील?"

"हो."

"आहेत?"

"आहेत. साताऱ्याला."

"त्यांना ऐकवलीस?"

"कशी ऐकवू, काका? पोराने आपलं हसं केलं असं वाटेल त्यांना. म्हणून तर घोडा नाचवला."

"घोडा नाचला तेव्हा त्यांचं हसं झालं," काका म्हणाले. "आज नाही झालं." मग दमून त्यांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "मी आता तुला विचारायला नसणार. तेव्हा मार्चअखेर म्हणून कुणाला हसवू नकोस. चहा पी, गार झाला."

काका फेब्रुवारीत गेले. त्यांची मुलगी रेवा केंब्रिजहून आली होती, तिने गॅरेजमधली सगळी चित्रं बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवली आणि आम्हाला म्हणाली, "प्लीज, प्रत्येकाने बाबाचा एक कार पार्क घेऊन जा. माझ्या घरामध्ये एवढी जागा नाहीये." लोकांनी उन्हातले, बर्फातले पटापट उचलले. मला पावसातला मिळाला. तो आमच्या स्वयंपाकघरात सिंकवर लावला आहे. गाड्या अजूनही बटाट्यासारख्याच दिसतात. बघून बघून सुधारतील असं वाटलं होतं.

बैठक बंद पडू नये म्हणून पुढच्या महिन्यात सगळे एजवेअरला आमच्याकडे जमले. सुरुवातीला सर्वांत वाईट काय दाखवायचं हा प्रश्न आला, तेव्हा मी माझ्या त्या जुन्या स्लाइड्स दाखवल्या. काकांच्या चित्रांची सर नाही, पण बऱ्यापैकी वाईट होत्या. काकूंना काकांची खुर्ची गाडीतून आणायला लावली होती. ती वाचणाऱ्याकडे पाठ करून ठेवली आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. इतकी वर्षं त्या बैठकीत काकू कधी बसल्याच नव्हत्या. त्या नेहमी आत वाढायच्या तयारीत असत. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि जाऊन बसल्या.

लॅपटॉप सोफ्यावर, श्रीरंग आणि देशपांडे वहिनींच्या मध्ये, माणसासारखा टेकवून ठेवला होता. त्यात सातारा होता. आईने तिकडे फोन टीपॉयवर उभा केला होता आणि समोर बाबा, दोन्ही हात पुढे काठीवर ठेवून. "आवाज येतोय का?" असं ते सर्वांना आळीपाळीने विचारत होते. मी उभा राहिलो. वाचताना त्यांच्याकडे बघण्याचा माझा इरादा होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी गालिच्याकडे बघत होतो.

वाचून झालं. मुलाने खालून स्टूल धरलं. लॅपटॉपमधून बाबांचा आवाज आला, जरा मागेपुढे तुटत.

"बरी आहे. बरी लिहिलीयेस." मग थांबून, "फक्त एक दुरुस्ती. रीड खरंच खराब होतं."

"काही नव्हतं खराब!" तिकडून आई पडद्याबाहेरून म्हणाली, आणि एजवेअर आणि सातारा एकदमच हसलं.

जेवणं झाल्यावर काकूंनी मला कोटांपाशी गाठलं. आमच्याकडे खुंट्या नाहीत. कोट जिन्याच्या कठड्यावर टाकलेले होते. "मला ते ह्यांच्यासारखं सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण बघितलं ते सांगते. देशपांडे बाईंनी पर्स उघडली."

"कुठे?"

"स्टुलापाशी. आणि जे शोधत होत्या ते सापडलं. रुमाल." काकूंनी शाल खांद्यावर घेतली. "आणि तुझे बाबा."

"त्यांचं काय?"

"तू ते खोलीचं वाचत होतास ना, आतून हवा जाते ते. तेव्हापासून शेवटापर्यंत काठीवर त्यांची बोटं चालली होती. एक खाली, एक वर, परत खाली. वाजवत होते ते, मंदार. तू बघितलंच नाहीस."

मी स्वयंपाकघरात गेलो. आमच्याकडे डिशवॉशर नाही. कढीचं पातेलं भिजत घातलेलं होतं. ते आधी घ्यायचं नसतं, तरी मी तेच आधी घेतलं, आणि बराच वेळ घासत राहिलो.